एट अल.मध्ये कोण कोण असतं

प्रबंध बाइंडिंगला टाकण्याआधी शेवटचा हात फिरवताना संशोधक आकडे तपासतो, तक्ते तपासतो, आणि आभाराच्या पानावर कुणी राहून गेलं नाही ना हे तर दोनदा तपासतो. आय.ई. (i.e.) आणि ई.जी. (e.g.) हे इंग्रजी लिखाणातले लॅटिन संक्षेप मात्र तसेच राहतात. दोन अक्षरं, दोन टिंबं, त्यात काय बघायचं? पण नमुना चुकीचा निवडला आहे हे कळायला परीक्षकाला अख्खं प्रकरण वाचावं लागतं, आणि आय.ई. चुकलाय हे कळायला एक ओळ पुरते.

खरं तर मराठी माणसाला संक्षेपांचं वावडं कधीच नव्हतं. रा. रा., ती. रू., सा. न. वि. वि., चि. सौ. कां., मु. पो. आणि शेवटी ता. क. एवढ्या भांडवलावर पिढ्यान्‌पिढ्या पत्रं गेली. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला पूर्ण रूप तोंडपाठ होतं, म्हणून ते चाललं. आज कॉलेजातल्या मुलासमोर ‘सा. न. वि. वि.’ ठेवा, तो ती कुठल्यातरी संस्थेची आद्याक्षरं समजेल. लॅटिन संक्षेपांचं हेच झालं आहे. युरोपात विद्वानांची भाषा लॅटिन होती आणि पुस्तकं हातानं उतरवली जात होती, तेव्हा हे संक्षेप लेखनिकाचे कष्ट आणि चर्मपत्राची जागा वाचवत. पुढे लॅटिन गेलं, संक्षेप उरले, आणि ते इंग्रजीच्या बोटाला धरून आपल्याकडे आले. त्यामुळे आपण ते दोनदा उसने घेतलेले आहेत. उसन्या वस्तूची मोडतोड जास्त होते म्हणतात, ते इथे खरं ठरतं.

सगळ्यात जास्त मोडतोड पहिल्या जोडीची. आय.ई. म्हणजे ‘इद एस्त’, ‘ते असं आहे’. आपलं साधं ‘म्हणजे’. ई.जी. म्हणजे ‘एक्झेम्प्ली ग्रॅशिया’, ‘उदाहरणाखातर’. एकानं यादी बंद होते, दुसऱ्यानं उघडी राहते. समजा, कुणी लिहिलं की अभ्यासासाठी शहरातल्या जुन्या पेठा, आय.ई. कसबा, शनिवार, नारायण आणि सदाशिव, निवडल्या. इथे अभ्यासात चारच पेठा आहेत आणि निष्कर्षही त्या चारांपुरते आहेत. त्याच जागी ई.जी. घातलं की आणखीही पेठा असल्याचा कबुलीजबाब होतो. मग परीक्षक विचारणारच: आणखी कोणत्या, किती, आणि त्यांची नावं कुठे आहेत? दोन अक्षरांनी नमुन्याचा आकार बदलला.

तपासायची रीत सोपी आहे. संक्षेपाच्या जागी मनातल्या मनात ‘म्हणजे’ घालून वाक्य वाचायचं, मग ‘उदाहरणार्थ’ घालून. जे बसेल ते. दोन्ही बसत असतील तर दोष संक्षेपाचा नाही. आपल्याला नक्की काय म्हणायचं आहे हेच अजून ठरलेलं नाही. संस्कृत टीकाकार या बाबतीत फार पक्के. ‘इत्यर्थः’ किंवा ‘इति यावत्’ आलं की अर्थाला कडी लागली. ‘यथा’ आलं की उदाहरण सुरू झालं. भांडारकर संस्थेत किंवा टिळक विद्यापीठात टीकाग्रंथ वाचलेला विद्यार्थी इंग्रजी लिहिताना मात्र दोन्हींसाठी आय.ई. वापरतो, कारण इंग्रजीतलं ते चिन्ह त्याला कुणी फोडून दाखवलेलं नसतं.

स्वल्पविरामाचा प्रश्नही इथलाच. अमेरिकी पद्धतीत आय.ई. आणि ई.जी. यांच्यानंतर स्वल्पविराम येतो, ब्रिटिश पद्धतीत बहुधा येत नाही. आपल्या शाळांनी ब्रिटिश वळण दिलं आणि विद्यापीठातले बरेचसे विभाग एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भपद्धत) मागतात, जी अमेरिकी आहे. त्यामुळे एकाच प्रकरणात दोन्ही तऱ्हा सुखानं नांदतात. एपीएचा आणखी एक नियम आपल्याकडे फारच कमी पाळला जातो: हे संक्षेप फक्त कंसात वापरायचे, कंसाबाहेरच्या वाक्यात पूर्ण शब्द लिहायचे. नियम शहाणपणाचा आहे. कंसात वाचक आधीच घाईत असतो, तिथे दोन अक्षरं त्याला पळवतात; चालत्या वाक्यात तीच ठेच लागल्यासारखी वाटतात.

एटसेट्राबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ‘एट’ म्हणजेच ‘आणि’, म्हणून ‘अँड एटसेट्रा’ लिहिणं म्हणजे ‘आणि आणि बाकीचे’. ई.जी.नं सुरू झालेल्या यादीच्या शेवटी तो नको. यादी उघडी आहे हे सुरुवातीलाच सांगून झालेलं असतं. माणसांसाठी तो वापरू नये. आणि कार्यपद्धतीच्या प्रकरणात तर मुळीच नको. ‘तापमान, आर्द्रता इ. घटक मोजले’ हे वाक्य वाचून प्रयोग पुन्हा कुणाला करता येणार? जे मोजलं ते सगळं लिहायचं.

माणसांसाठी आहे तो एट अल. मूळ ‘एट अलिई’, ‘आणि इतर जण’. पुणेरीत सांगायचं तर ‘आणि मंडळी’. ‘एट’ हा पूर्ण शब्द आहे, त्याच्यामागे टिंब येत नाही, ‘अल.’ अर्धा आहे, त्याच्यामागे येतं. दोन्हींमागे टिंब, किंवा कुणाच्याच मागे नाही, या दोन चुका प्रबंधांतून एवढ्या दिसतात की संगणकावर शोध-आज्ञा देऊन एकदा सगळीकडून उपटून टाकणं बरं. टिंबाची चूक निदान दिसते तरी. खरा गोंधळ किती नावांनंतर एट अल. लिहायचं याचा, आणि तो न दिसणारा आहे. एपीएच्या सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखक असतील तर पहिल्या उल्लेखात सगळी नावं आणि नंतर एट अल. अशी पद्धत होती. सातव्या आवृत्तीपासून तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच पहिलं नाव आणि एट अल. मार्गदर्शक सहावी शिकलेले, विद्यार्थी सातवी उतरवून घेतलेला, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. संदर्भसूचीत मात्र सातवी आवृत्ती वीस नावांपर्यंत सगळी लिहायला लावते. एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धत) तीन लेखक झाले की सूचीतही एट अल.वर येते. वैद्यकातल्या व्हॅंकूव्हर पद्धतीत सहा नावं लिहून मग एट अल. म्हणजे भौतिकशास्त्राच्या विभागातून निघून बी. जे. मेडिकलला पोचेपर्यंत नियम बदललेला असतो. म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा आपल्या विभागाला कोणती पद्धत आणि तिची कोणती आवृत्ती हवी, हे पहिल्याच वर्षी लेखी विचारून घ्यावं.

एक बारकावा अनुभवी लोकही विसरतात. समजा, कुलकर्णी, पवार, शेख आणि देशमुख यांचा २०२१ चा एक निबंध आहे, आणि कुलकर्णी, पवार, जाधव व साठे यांचा त्याच वर्षीचा दुसरा. दोन्हींचं ‘कुलकर्णी एट अल., २०२१’ केलं तर कोणता कोणता, हे कळणार नाही. म्हणून फरक दिसेपर्यंत नावं वाढवत न्यायची: कुलकर्णी, पवार, शेख... आणि इथे अडतं. आता उरले एकटे देशमुख. ‘एट अलिई’ हे अनेकवचन आहे, एका माणसाला ते झाकू शकत नाही. म्हणून चारही नावं लिहायची. सगळे लेखक तेच आणि वर्षही तेच असेल तेव्हा वर्षापुढे ए, बी लावायचं. तो वेगळा उपाय, वेगळ्या दुखण्यावरचा.

नियम सांगून झाले, तरी या संक्षेपाबद्दल थोडं थांबावंसं वाटतं, कारण सगळ्या मंडळीत माणसं झाकणारा हा एकटाच. ११ फेब्रुवारी २०१६ ला गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या थेट नोंदीचा निबंध प्रसिद्ध झाला. लेखक हजाराच्या घरात, आणि त्यांत आपल्या आयुकातले शास्त्रज्ञही. जगभर तो निबंध ‘ॲबट एट अल., २०१६’ म्हणून ओळखला जातो. ॲबट हे नाव पहिलं आलं ते वर्णानुक्रमामुळे. काम कुणी जास्त केलं याचा त्याच्याशी संबंध नाही. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते, आणि ३३ पानांपैकी २४ पानं निव्वळ लेखकांच्या आणि संस्थांच्या नावांची. अशा ठिकाणी एट अल. नसतं तर वाक्यच लिहिता आलं नसतं, हे मान्य. पण तीन जणांच्या निबंधात, जिथे क्षेत्रात उन्हातान्हात फिरून मुलाखती घेणारी मुलगी तिसऱ्या क्रमांकावर असते, तिथे हा संक्षेप जेवढी जागा वाचवतो त्याहून जास्त काहीतरी गिळतो. पद्धत मोडता येत नाही. मात्र मजकुरात एखादा निबंध पहिल्यांदा महत्त्वाचा म्हणून येतो तेव्हा वाक्यातच तिघांची नावं घेऊन संदर्भाच्या कंसात एट अल. वापरायला बहुधा कुणी हरकत घेणार नाही.

सी.एफ.ची गंमत वेगळी. मूळ ‘कॉन्फर’, म्हणजे ‘ताडून पाहा’. आपण तो ‘पाहा’ या अर्थानं सर्रास वापरतो, ती चूक. सी.एफ. लिहिला की वाचक समजतो, तिकडे काहीतरी वेगळं किंवा उलट म्हटलेलं आहे, जाऊन तुलना करावी. आपल्याच म्हणण्याला दुजोरा देणारा संदर्भ असेल तर साधं ‘पाहा’ लिहावं. मराठी प्रबंधात ‘तु.’ (तुलना करा) आणि ‘पाहा’ हा भेद पूर्वी काटेकोर पाळला जाई, तो हरवू देऊ नये. मात्र हाच सी.एफ. वनस्पतिशास्त्रात शिरला की अर्थ बदलतो. आघारकर संस्थेत किंवा बोटॅनिकल सर्व्हेच्या पुण्यातल्या केंद्रात एखाद्या नमुन्यावर प्रजातीच्या नावाआधी सी.एफ. दिसला, तर तो सांगतो की ओळख या प्रजातीची वाटते, पण खात्री नाही. त्याच्या शेजारचा ‘ॲफ.’ सांगतो की हा नमुना त्या प्रजातीच्या जवळचा आहे, पण बहुधा ती नव्हे. त्याच कागदावर ‘लेग.’ म्हणजे गोळा कुणी केला, ‘डेट.’ म्हणजे ओळख कुणी पटवली. या क्षेत्रात लॅटिन शोभेचं नव्हतं: नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यायची सक्ती २०११ च्या अखेरपर्यंत होती, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालू लागलं. म्हणून सी.एफ. कोणत्या विभागात बसून लिहितोय हे आधी पाहावं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचंही तसंच. बी.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा. एस.ओ.एस. वाचून घाबरणारे पेशंट आहेत, पण तिथे बुडतं जहाज नसतं; ‘सी ओपुस सित’, ‘गरज पडली तर’, एवढंच. ओ.डी. आपल्याकडे दिवसातून एकदा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उजवा डोळा. प्रबंधात संक्षेप चुकला तर फार तर शेरा येतो, इथे गोळी चुकते.

विझ. आता उतरणीला लागला आहे. त्याचा अर्थ ‘तो असा’, संस्कृतातलं ‘तद्यथा’; पुढे पूर्ण यादी यावी लागते. शेवटचा झेड हा मुळात झेड नव्हेच, ‘एट’साठी लेखनिक काढत ती तिनाच्या आकड्यासारखी खूण, छपाईत तिचा झेड झाला. आपल्या कार्यालयीन इंग्रजीत ‘विझ-अ-विझ’ नावाचा एक प्राणी आढळतो. तो फ्रेंच ‘व्हिजाव्ही’, म्हणजे समोरासमोर, आणि लॅटिन विझ. यांच्या संकरातून झालेला आहे. त्याचा अर्थ विचारू नये. ईमेलमधला ‘री:’ मात्र खरंच लॅटिन आहे, ‘या बाबतीत’ अशा अर्थाचा. ‘रिप्लाय’चा तो संक्षेप नव्हे. आणि सी.सी. लॅटिन नाही, ती कार्बन कॉपी.

सिक हा शब्द चौकटी कंसात येतो आणि सांगतो, ‘मुळात असंच आहे, चूक माझी नाही’. जपून वापरावा, कारण मूळ लेखकाच्या डोक्यावरून टपली मारण्याचा मोह त्यात असतो. १९३० च्या एखाद्या इंग्रजी अहवालातून उतारा घेताना ‘पूना’ या स्पेलिंगपुढे सिक लावलेला दिसतो. तेव्हा ते स्पेलिंग रूढच होतं, चूक नव्हती. तिथे सिक लावणारा स्वतःच चुकतो. जुन्या प्रबंधांचा संदर्भ देतानाही विद्यापीठाचं नाव मुखपृष्ठावर छापलंय तेच द्यावं. २०१४ नंतरचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ हे नाव १९७५ च्या प्रबंधाला मागून चिकटवू नये.

आता इबिड. ‘त्याच ठिकाणी’. मराठीत ‘तत्रैव’. इतिहास, मराठी, संस्कृत या विभागांतून तळटीपांचा डोलारा याच्यावर उभा असतो आणि नेमका हाच सगळ्यात ठिसूळ. इबिड.चा अर्थ लगेच वरच्या तळटीपेतला ग्रंथ, आणि त्या तळटीपेत एकच ग्रंथ असला पाहिजे. आता प्रत्यक्षात काय होतं? तळटीप ४१ राजवाड्यांच्या खंडाची. ४२ आणि ४३ ‘तत्रैव’. मार्गदर्शक म्हणतात, इथे पेशवे दप्तराचाही एक दाखला द्या. तो ४२ म्हणून घुसतो, जुन्या ४२ आणि ४३ चे ४३ आणि ४४ होतात, आणि दोन्ही तत्रैव आता बिनबोभाट पेशवे दप्तराकडे बोट दाखवतात. संगणक आकडे बदलून देतो, अर्थ बदलून देत नाही. परिच्छेद उचलून दुसऱ्या प्रकरणात नेला की तोच प्रकार. ऑप. सिट., म्हणजे आपलं ‘उपरिनिर्दिष्ट’, याहून त्रासाचं: तो ग्रंथ वर कुठेतरी आहे, पण कुठे हे शोधायला चाळीस पानं मागे जायचं, आणि त्या लेखकाची दोन पुस्तकं सूचीत असतील तर तिथे पोचूनही कळत नाही. शिकागो पद्धतीनं ऑप. सिट. आणि लॉक. सिट. (‘उल्लेखिलेल्या ठिकाणी’) सरळ काढून टाकले आहेत, आणि २०१७ च्या सतराव्या आवृत्तीपासून इबिड.ऐवजीही लेखकाचं आडनाव, छोटं शीर्षक आणि पृष्ठ असा त्रोटक संदर्भ द्यावा असं ती सुचवते. विभाग तत्रैववर अडूनच बसला असेल तरी लिहिताना सगळीकडे त्रोटक संदर्भच ठेवावा. तत्रैव शेवटच्या दिवशी, सगळे बदल संपल्यावर, एका बैठकीत घालायचे. प्रत्येक प्रकरणाची पहिली तळटीप मात्र कधीही तत्रैव असू नये.

संक्षेप जिथे खरोखर पोटाला भाकरी कमावतात ती जागा पाहायची असेल तर भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडावी. बाराशेहून अधिक हस्तलिखितं धुंडाळून केलेलं हे काम. श्लोकाच्या खाली बारीक टायपात कोणत्या प्रतीत काय गळलं, काय घातलं, काय मागेपुढे झालं याची जंत्री असते, आणि तिथे ‘ओम.’ अशी खूण वारंवार येते. तो ओंकार नव्हे. त्या प्रतीत हा भाग गाळलेला आहे, एवढंच ती सांगते. हे पूर्ण शब्दांत लिहिलं असतं तर खंडांची संख्या कुठे गेली असती कोण जाणे. पण तिथे संक्षेपांची किल्ली ग्रंथातच दिलेली असते. आपल्या प्रबंधात क्षेत्राबाहेरच्यांना अनोळखी असे पाचसहा संक्षेप असतील तर अनुक्रमणिकेनंतर एक पान त्यांना द्यावं.

यंत्रांच्याही काही खोड्या असतात. वर्डला टिंब दिसलं की वाक्य संपलं असं वाटू शकतं आणि तो पुढचं अक्षर मोठं करतो. ऑटोकरेक्टमध्ये एक्सेप्शन्सची यादी असते. आपले नेहमीचे संक्षेप तीत आहेत का पाहावं, नसले तर भरावेत. एट एका ओळीच्या शेवटी आणि अल. दुसरीच्या सुरुवातीला जाऊ नये म्हणून मधली जागा कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकदम दाबून द्यायची. लेटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरणाऱ्यांना वेगळी डोकेदुखी: टिंबानंतर तो वाक्यांमधलं थोडं मोठं अंतर सोडतो. म्हणून एट आणि अल.मध्ये टिल्ड (~), आणि वाक्य पुढे चालू असेल तर अल.च्या टिंबानंतर बॅकस्लॅश देऊन स्पेस. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लेखकाच्या रकान्यात एट अल. हातानं टाइप करू नये. झोटेरो त्याला माणसाचं नाव समजतो आणि सूचीत ‘अल’ आडनावाचे एक गृहस्थ अवतरतात. सगळी नावं भरायची, कापाकापी पद्धतीची फाइल करते. लेटेकसाठी संदर्भसूची करणाऱ्या बिबटेक्समध्ये यादी खरंच अर्धवट ठेवायची असेल तर शेवटी ‘अँड अदर्स’ लिहायचं, एट अल. तो आपणहून छापतो.

वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचाही विचार करावा. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळानं २०१६ मध्ये ई.जी., आय.ई. आणि एटसेट्रा हळूहळू काढून टाकायचं ठरवलं. तिथे ई.जी. टिंबांशिवाय लिहीत, आणि काही स्क्रीन रीडर त्याचा उच्चार ‘एग’, म्हणजे अंडं, असा करत. विभागाच्या सूचना, प्रवेशाची माहिती, विद्यार्थ्यांना पाठवायच्या ईमेल यांत पूर्ण शब्द लिहिले तर दृष्टिहीन विद्यार्थ्याची सोय होते आणि डोळस विद्यार्थ्याचीही काही गैरसोय होत नाही.

मराठीत लिहिताना काय करावं? उदा., इ., पृ., संपा., तु., तत्रैव, ‘व इतर’ ही सगळी सामग्री घरात आहे. मराठी वाक्यात ‘जोशी एट अल.’ लिहिण्याचं कारण नाही. ‘जोशी व इतर’ पुरेसं आहे. सूचीत इंग्रजी नोंदी असतील तर त्या नोंदींपुरतं त्यांचं त्यांच्याकडे राहू द्यावं, पण मजकुरात एकच घर धरावं. अर्ध्या पानावर ‘तत्रैव’ आणि अर्ध्यावर ‘इबिड.’ असं करू नये.

राहता राहिला व्हायवा, प्रबंधाची तोंडी परीक्षा; मूळ ‘विवा वोसे’, जिवंत आवाजानं. तिथे आय.ई. ‘दॅट इज’ असं वाचावं, ई.जी. ‘फॉर एक्झाम्पल’, सी.एफ. ‘कम्पेअर’, अक्षरं वाचून दाखवली की ऐकणारा क्षणभर मागे राहतो. एट अल. तसाच उच्चारला तरी चालतो, ‘अँड अदर्स’ म्हटलं तरी चालतं. स्लाइडवर इबिड. आणि ऑप. सिट. पूर्ण वर्ज्य, कारण मागची स्लाइड गेलेली असते. प्रत्येक स्लाइडच्या तळाला आडनाव, वर्ष आणि नियतकालिकाचं छोटं नाव एवढा संदर्भ पुरतो. आणि निबंधाचा तिसरा लेखक परीक्षक म्हणून समोर बसलेला असेल तर त्या स्लाइडवर एट अल. लिहू नये, तिन्ही नावं लिहावीत.